एक फोन, वीस कार्डं: प्राथमिकच्या वर्गात प्लिकर्स

वर्गात प्रश्न टाकला की हात वर करणारी मुलं ठरलेली असतात. पहिल्या बाकावरची दोघं-तिघं, आणि उत्तर येवो न येवो, बोलायचंच असा एखादा. बाकीच्यांना कितपत कळलंय हे टीचरना समजतं ते चाचणीचे पेपर तपासताना. तोवर पुढचे दोन धडे होऊन गेलेले असतात. कागदाची कार्डं आणि टीचरचा फोन यांवर चालणाऱ्या प्लिकर्सचा उपयोग आहे तो या एका दुखण्यावर, आणि त्यापुरतं ते चांगलं औषध आहे. त्याच्याकडून याहून जास्त मागितलं की घोळ सुरू होतो.

साधन अगदी साधं आहे. प्रत्येक मुलाच्या हातात कागदाचं एक कार्ड. त्यावर क्यूआर कोडच्या दूरच्या भावासारखी काळी चौकोनी आकृती, आणि चार कडांना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. ज्या अक्षराची कड वर धराल ते तुमचं उत्तर. टीचरनी फोनवर प्लिकर्सचं अ‍ॅप उघडायचं, कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवायचा, की सगळ्यांची उत्तरं दोनेक सेकंदांत टिपली जातात. पडद्यावर प्रत्येक मुलाचं नाव आणि बरोबर-चूक दिसतं. प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी असल्याने शेजाऱ्याचं बघून आपलं कार्ड तसंच फिरवण्यात काही अर्थ नसतो. मुलांना हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं आणि मान वळवणं बरंचसं थांबतं.

गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळांना हे का जुळतं ते उघड आहे. सत्तरी, पेडणे, सांगे, काणकोण भागातल्या कितीतरी सरकारी शाळांत पट लहान, शिक्षक एक किंवा दोन, आणि पहिली ते चौथी एकाच खोलीत. सहावी ते आठवीसाठी राज्याची कोडिंग-रोबोटिक्सची योजना आहे. पहिली-दुसरीच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा टीचरचा स्वतःचा फोनच येतो. कहूतसारख्या ऑनलाइन प्रश्नमंजुषेच्या खेळाला मुलामुलाकडे फोन किंवा टॅब लागतो. भिंतीवरच्या मोठ्या स्पर्श-फलकासमोर एका वेळी एकच मूल उभं राहतं आणि उरलेली अठरा बघत बसतात. कार्डाचं तसं नाही. उत्तर सगळ्यांना द्यावंच लागतं, आणि वर्गात यंत्र असतं ते एकच.

कार्डांची पीडीएफ प्लिकर्सच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. नेहमीचा संच चाळीस कार्डांचा, पानाला दोन, म्हणजे वीस पानं. मोठ्या वर्गासाठी त्रेसष्ट कार्डांचा संचही आहे. पंधरा-वीस मुलांच्या वर्गाला चाळीसचा पुरतो. पहिली दहा-बारा पानंच छापली तरी भागतं, पण उरलेलीही छापून ठेवावीत. पावसाळ्यात कार्डं जातातच. म्हापसा, फोंडा, साखळी, कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात देताना तीन गोष्टी सांगायच्या. छपाई लेझरवर हवी, इंकजेटवर नको; घामट हाताने इंकजेटची शाई पसरते आणि काळ्या-पांढऱ्याची कड फिसकटली की कॅमेरा गोंधळतो. कागद पांढरा आणि जाड, साधारण दोनशे जीएसएमचा. आणि लॅमिनेशन करायचंच तर चकचकीत नको, मॅट. हे तिसरं सांगायला बहुतेक जण विसरतात. चकचकीत प्लास्टिकवर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा पडतो, त्याखाली आकृती अर्धी पुसली जाते आणि त्या बाकावरची दोन मुलं जणू गैरहजरच राहतात.

मॅट फिल्म मिळाली नाही तर लॅमिनेशन सोडून द्या. त्यापेक्षा मागे पुठ्ठा चिकटवा. जुन्या लग्नपत्रिका त्यासाठी उत्तम. जाड असतात आणि घरोघरी पडलेल्या असतात. चिकटवायला कणकेची खळ वापरू नका. जुलैपर्यंत तिला बुरशी येते आणि झुरळंही लागतात. फेव्हिकॉलचा पातळ हात पुरे, त्यावर रात्रभर वजन. कार्डं ठेवायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. दप्तरात मुलांकडे अजिबात देऊ नयेत. गोव्यातल्या हवेत उघडं राहिलेलं कार्ड आठवड्यात वाकतं, आणि वाकलेलं कार्ड कॅमेऱ्याला तिरकं दिसतं.

कापताना आकृतीभोवतीची पांढरी जागा सोडायची. नीटनेटकेपणाच्या हौसेने कुणी काळ्या कडेला लागून कापलं तर कार्ड वाया गेलं समजा. आकृती कुठे संपते हे कॅमेऱ्याला त्या पांढऱ्या कडेवरूनच कळतं. रंगीत कागद, चांदणीचा स्टिकर, स्केचपेनने लिहिलेलं नाव, यांपैकी काही पुढच्या बाजूला नको.

लहान वर्गांतली खरी अडचण वेगळीच असते. अक्षरं पुढच्या बाजूला, आणि ती बाजू टीचरकडे. म्हणजे मुलाने आधी कार्ड आपल्याकडे धरून अक्षर शोधायचं, ते वर आणायचं, मग कार्ड उलटायचं. उलटताना ते हातातच फिरतं, आणि बी म्हणणाऱ्याचा डी होतो. चौथीतलं मूल दोन दिवसांत सरावतं, पहिलीतलं सरावत नाही. उपाय सोपा आहे: अक्षरं मागच्या बाजूलाही पेन्सिलने लिहायची. मात्र पुढचं बघून तशीच उतरवायची नाहीत. पान उलटावं तसं कार्ड उलटलं की वरची आणि खालची कड जागच्या जागी राहते, डावी-उजवी बदलते. म्हणून कार्ड खिडकीवर उजेडात धरायचं, पुढचं अक्षर जिथे दिसेल त्याच्या बरोब्बर मागे लिहायचं. पुठ्ठा चिकटवायच्या आधी कडांवर खुणा करून ठेवल्या की काम सोपं होतं. अक्षर बारीकच हवं, नाहीतर मागच्या बाकावरून वाचता येतं. पहिलीच्या मुलांना रोमन अक्षरं येत नसतील तर त्याच जागी लाल, हिरवा, निळा, पिवळा असे ठिपके, आणि फळ्यावर पर्यायांपुढे त्याच रंगाचे खडू.

खातं उघडून वर्ग तयार करायला अर्धा तास पुरतो. मुलांची नावं टाकली की प्रत्येकाला कार्डाचा क्रमांक मिळतो. तो हजेरीच्या क्रमांकाशी जुळवून घ्यावा. वाटप आणि गोळा करणं दोन्ही झटपट होतं. नावं मराठीत टाकता येतात, प्रश्नही देवनागरीत लिहिता येतात. अ‍ॅपची बटणं मात्र इंग्रजीत.

एकशिक्षकी शाळेत अ‍ॅपमध्ये चारही इयत्तांचा एकच वर्ग करू नये. इयत्तावार वेगवेगळे वर्ग करा, पण क्रमांक एकमेकांवर चढू देऊ नका: पहिलीला १ ते १०, दुसरीला ११ ते २०, तिसरीला २१ ते ३०, चौथीला ३१ ते ४०. मग तिसरीचा प्रश्न चालू असताना दुसरीतल्या कुणी उत्साहाने कार्ड उंचावलं तरी ते तिसरीच्या हिशेबात शिरत नाही, आणि कार्डांचा डबा एकच राहतो. संच चाळीसचाच का छापावा याचं हेही एक कारण.

उत्तरं टिपताना ज्या चुका होतात त्यांतली पहिली बोटांची. मुलं कार्ड मधोमध पकडतात, अंगठा काळ्यावर येतो, वाचन होत नाही. दोन्ही हातांनी खालच्या कोपऱ्यांना धरायची सवय पहिल्या दिवशीच लावावी. कार्ड छातीशी, चेहऱ्यासमोर नाही; मागच्याचं झाकलं जातं. दुसरी चूक उजेडाची. मंगळुरी कौलांच्या जुन्या इमारतीत पावसाळ्यात आत अंधार आणि दारातून झगझगीत उजेड. मुलांच्या पाठीमागे दार असेल तर कॅमेऱ्याला कार्डं काळी ठिक्कर दिसतात. आपण उजेडाकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे तोच उजेड कार्डांवर पडतो. तिसरी चूक घाईची. फोन आडवा धरून डावीकडून उजवीकडे सावकाश न्यायचा. भरकन फिरवला की मागच्या रांगेतले सुटतात. एखाद्याने उत्तर बदललं तर पुन्हा कॅमेरा फिरवायचा, नवं उत्तर धरलं जातं. कॅमेऱ्याची काच पदराला किंवा रुमालाला पुसून घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि दहातल्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

प्रोजेक्टर असेल तर संगणकावर प्लिकर्सचं पान उघडून प्रश्न आणि उत्तरांचा आलेख दाखवता येतो. नसेल तरी काही बिघडत नाही. प्रश्न फळ्यावर लिहा, फोन हातात ठेवा. खरं तर फळ्यावर लिहिताना जो अर्धा मिनिट जातो त्यात मुलं प्रश्न वाचतात, आणि पावसात वीज गेली तरी फळा जात नाही.

आता मुख्य गोष्ट. हे साधन तुमच्या प्रश्नाइतकंच हुशार असतं. ‘गोव्याची राजधानी कोणती’ असला प्रश्न विचारायला कार्डं, फोन, नेट कशाला? चुकीचे पर्याय जर मुलांच्या डोक्यातल्या खऱ्याखुऱ्या गैरसमजांतून आलेले असतील तरच आलेख काही सांगतो. गणितातलं एक उदाहरण: ८ + ४ = ☐ + ५. पर्याय १२, १७, ७ आणि ३. बारा म्हणणाऱ्याला ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिही’ एवढंच ठाऊक आहे. सतरा म्हणणाऱ्याने दिसले ते सगळे आकडे मिळवून टाकले. तीन म्हणणाऱ्याने बहुधा अंदाज मारला. चार पर्याय, आणि प्रत्येकावर उद्या काय करायचं हे वेगळं. बेरीज बारालाही येते, म्हणून त्याला आणखी बेरजा देऊन उपयोग नाही. ‘=’च्या दोन्ही बाजू सारख्या असतात हे कळायला त्याला तराजू दाखवायला हवा.

परिसर अभ्यासातला प्रश्न इथल्याच हवेतून घ्या. थंडगार कोकम सरबताच्या ग्लासला बाहेरून थेंब जमतात. ते कुठून आले? ए: ग्लासमधून पाझरले. बी: वरून सांडून ओघळले. सी: हवेतल्या वाफेचं पाणी झालं. डी: आतला गारवा बाहेर आला, त्याचं पाणी झालं. वर्गाची उत्तरं ए आणि डीकडे झुकली तर आश्चर्य नाही. अशा वेळी ‘चूक, बरोबर उत्तर सी’ म्हणून मोकळं व्हायचं नाही. उत्तर न सांगता शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलू द्यायचं. मग एकाला बोलवायचं, थेंब बोटावर घ्यायला लावायचा. रंग कसला? सरबत लालभडक, थेंब बिनरंगी. ए आणि बी तिथेच आडवे. पुन्हा कार्डं वर, पुन्हा कॅमेरा. डी मात्र चिवट आहे, तो त्या दिवशी पडणार नाही. त्यासाठी हाच प्रश्न जानेवारीत, हवा कोरडी असताना, तितक्याच थंड ग्लासासह पुन्हा विचारायचा. गारवा तोच, थेंब कमी. मग गारव्याचं पाणी होतं हे म्हणणं कसं टिकणार?

शेजाऱ्याशी बोलू देऊन पुन्हा उत्तर घेण्याची ही पद्धत हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रुळवली. त्यांचा ढोबळ नियम असा: पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर आपसात चर्चा घडवा. त्याहून कमी असतील तर चर्चेतून चूकच पसरते, म्हणून पुन्हा शिकवा. जास्त असतील तर पुढे चला. त्यांचे वर्ग मोठे होते. आपल्या पंधराच्या वर्गात टक्केवारी सोडा, डोकी मोजा: पाच ते दहा बरोबर असतील तर बोलू द्या. आणि एक लक्षात असू द्या. चार पर्यायांत डोळे मिटूनही चारातला एक बरोबर येतो. वीस मुलांच्या वर्गात पाच बरोबर म्हणजे कुणालाच आलेलं नाही असंही असू शकतं. शंका वाटली तर त्याच कल्पनेवर दुसरा प्रश्न टाकावा.

कोकम जानेवारीत पुन्हा काढण्यामागे आणखी एक हिशेब आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवडा गेल्यावर ज्यांनी स्वतःची परीक्षा घेतली होती ते पुढे गेले. म्हणून प्लिकर्सची सर्वात चांगली वेळ धडा संपताना नाही, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत. प्रश्न दोन, फार तर तीन. दहा प्रश्नांचा मारा केला की मुलं कार्डाचा पंखा करतात.

मोफत खात्यात प्रश्नांच्या एका संचात पाचच प्रश्न टाकता येतात, त्याचं अनेकांना वाईट वाटतं. प्राथमिकच्या वर्गाला ती मर्यादा हिताचीच आहे. पैसे भरायची गरज या वर्गांत तरी दिसत नाही.

मुलं या कार्डांनी खूश होतात, यात शंका नाही. पण ती खुशी नवेपणाची असते आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरते. तिथे पुष्कळ शिक्षक बक्षिसाकडे वळतात: ज्याची जास्त बरोबर त्याला चांदणी, महिन्याला चॉकलेट. मानसशास्त्रज्ञ लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३ चा प्रयोग इथे आठवावा. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधी सांगून प्रशस्तिपत्रक दिलं, तर नंतर मोकळ्या वेळेत ती मुलं चित्रांकडे कमी वळली. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत मुलाला धरून ठेवतात त्या गोष्टी तीन: थोडं आपल्या मनाचं करता येणं, आपल्याला जमतंय ही जाणीव, आणि आपण यांच्यातले आहोत ही भावना. कार्डाने दुसरी आणि तिसरी मिळू शकते, गुणांचा तक्ता लावला तर दोन्ही जातात. म्हणून आलेख दाखवावा, नावं दाखवू नयेत. उत्तरं येत असताना आलेख झाकलेलाच ठेवावा, नाहीतर उंच पट्टी बघून कार्डं फिरतात. कहूतमध्ये नेहमीच्या खेळात लवकर उत्तराला जास्त गुण असतात. प्लिकर्समध्ये घड्याळ मागे लागत नाही, हा सावकाश विचार करणाऱ्या मुलाच्या दृष्टीने मोठा फरक. पहिली फेरी पुष्कळदा मतचाचणीसारखी घ्यावी, बरोबर उत्तर न नेमता. मग फोनवर लाल-हिरवंही दिसत नाही आणि टीचरच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधणाऱ्यांची पंचाईत होते.

भाषेची बाब गोव्यातच जास्त जाणवते. मूल घरात कोंकणी बोलतं, पुस्तक मराठी, आणि पाचवीत गेलं की बहुतेकांचं माध्यम इंग्रजी. चुकीचं उत्तर कल्पना न कळल्याचं आहे की शब्द न कळल्याचं, हे आलेख सांगत नाही. प्रश्न फळ्यावर मराठीत असला तरी तोंडाने कोंकणीत एकदा सांगावा. ‘उदक’ म्हटल्यावर उत्तरं सुधारली तर गाडी कुठे अडली होती ते कळलं. चौथीच्या दुसऱ्या सत्रात बाष्पीभवनाशेजारी इव्हॅपोरेशन, अपूर्णांकाशेजारी फ्रॅक्शन असे शब्द प्रश्नातच जोडून लिहावेत. पाचवीत गेल्यावर त्याचा उपयोग होतो.

उणिवा सांगायच्या तर पहिली नेटची. प्रश्न आणि नोंदी सगळं नेटवरून चालतं, आणि डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर सिग्नल ओसरीवर येतो, वर्गात येत नाही. ज्या खोलीत नेट डळमळतं तिथे यावर तास बेतू नये. दुसरी, पर्यायांचाच मामला असल्याने वाक्य लिहिणं, कारण सांगणं, आकृती काढणं यांतलं काही तपासता येत नाही. भाषेच्या तासाला त्याचा उपयोग तुटपुंजा. तिसरी नावांची. मुलांची माहिती परदेशी कंपनीच्या संगणकावर जाते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि पालकांची संमती हा त्याचा गाभा आहे. पूर्ण नावाऐवजी ‘३-०७’ असा इयत्ता आणि हजेरी क्रमांक टाकला तर अ‍ॅपचं काहीच अडत नाही. आडनाव, जन्मतारीख, फोटो तर नकोच. पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या बैठकीत कार्ड हातात देऊन दाखवावं. ‘शाळेत मोबाईल चालवतात’ ही कुजबुज त्याने थांबते.

आणि टीचरचा फोन हा टीचरचा असतो. वर्गावर कॅमेरा फिरवताना व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप वर येतात, पडद्यावर फोन जोडलेला असेल तर वर्गभर दिसतात. आधी सूचना बंद करा. बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या. अहवाल आठवड्यातून एकदाच बघा, तेही मुलं नाही, प्रश्न चाळण्यासाठी: कुठल्या प्रश्नाला सगळ्यांनी एकच चूक केली, आणि कुठला पर्याय कुणीच निवडला नाही. न निवडलेला पर्याय बदलून टाका, तो फुकट जागा अडवतोय.

नेट गेलं, फोन विसरला, तर प्लिकर्सची कार्डं नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाहीत, अक्षरं फार बारीक. त्या दिवसासाठी डब्याच्या तळाशी दुसरा संच ठेवावा: कोऱ्या ए-फोर कागदाला घड्या घालून चार भाग, प्रत्येक चौथाईवर एकेक मोठं अक्षर. हवं ते अक्षर पुढे येईल अशी घडी करून मुलाने छातीशी धरायचं. नोंद राहत नाही, आलेख येत नाही. पंधरा मुलांत बारा म्हणणारे किती आणि सात म्हणणारे किती, ते मात्र एका नजरेत दिसतं.